पाणी सरकारचे, मासा ठेक्याचा. मग काठ कोणाचा?

१/२४
धागा : हौशी मासेमारीचा इतिहास आणि एक प्रलंबित हक्क.

धरणाच्या काठावर गळ टाकून बसलेला माणूस कोण असतो? तो मासेमार नव्हे, कारण त्याचे पोट त्या माशावर चालत नाही. निव्वळ सहलीलाही तो आलेला नसतो. पाणी पाटबंधारे खात्याचे, मासा ठेका घेतलेल्या संस्थेचा, काठ कधी वनखात्याचा तर कधी कुंपण घातलेल्या रिसॉर्टचा. या साऱ्यांत त्या माणसाची जागा कोणती, हे सांगणारी पाटी महाराष्ट्रातल्या जलाशयांवर सहसा दिसत नाही. प्रश्न किरकोळ भासतो. परंतु त्याच्या मुळाशी फार जुना वाद आहे. वाहत्या पाण्यावर आणि त्याच्या काठावर हक्क कोणाचा?

२/२४
या वादाच्या दोन बाजू दोन प्राचीन ग्रंथांत स्पष्ट दिसतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, जनपद वसवण्याच्या प्रकरणात, बांधलेल्या जलाशयांतील मासे, नौकानयन आणि तेथील भाजीपाला यांवर राजाचे स्वामित्व सांगितले आहे. याउलट इ.स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या रोमन कायद्याच्या ग्रंथात नद्या व बंदरे सार्वजनिक मानली आहेत आणि तेथे मासे धरण्याचा हक्क सर्वांना समान आहे, असे स्वच्छ म्हटले आहे. एका परंपरेत पाणी राजाचे, दुसऱ्या परंपरेत पाणी सर्वांचे. आजचा भारतीय कायदा या दोन टोकांच्या मध्ये घुटमळतो आहे.

३/२४
राजाचे स्वामित्व म्हणजे केवळ वसुली नव्हे. त्यात राखणीचे कर्तव्यही होते. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकाच्या २६व्या वर्षी, अवध्य प्राण्यांची यादी दिली आहे व तीत काही मासेही आहेत. शिवाय चातुर्मासीच्या पौर्णिमा, तिष्य नक्षत्राची पौर्णिमा, त्यांच्या लगतचे दिवस आणि उपवासाचे दिवस या काळात मासे मारू नयेत व विकूही नयेत, अशी आज्ञा आहे. आज ज्याला बंदीकाळ म्हणतात, त्याचे हे भारतातील एक अतिशय जुने लेखी उदाहरण ठरते. मासेमारीवर मर्यादा घालणे ही कल्पना परक्या भूमीतून आलेली नाही.

४/२४
आता हौसेकडे वळू. इ.स. ११३०च्या सुमारास कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ हा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, असे शंभर अध्याय. कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. त्या राज्याच्या सीमेत आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग येत असे. राजाच्या करमणुकींचे वर्णन करणाऱ्या चौथ्या विंशतीत ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. पोटासाठी नव्हे, तर विरंगुळ्यासाठी गळाने मासे कसे धरावेत, याचे ते सविस्तर शास्त्र आहे.

५/२४
या प्रकरणात सुमारे पस्तीस जातींच्या माशांची नावे येतात. समुद्रातले व नदीतले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे, अशी त्यांची विभागणी आहे. कोणत्या माशाला कोणते खाद्य घालून एका जागी जमवावे, तेही सांगितले आहे. तिळाचे, हरभऱ्याच्या पिठाचे व भाताचे गोळे काहींसाठी, मांस काहींसाठी. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर निबंध लिहिला, तेव्हा अभ्यासकांचे लक्ष त्याकडे वेधले गेले. मूळ ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादित केला. त्याचा पहिला खंड १९२५चा आहे. म्हणजे गळ टाकण्याची हौस ही साहेबाची देणगी आहे, हा समज बाराव्या शतकातच खोटा ठरतो.

६/२४
परंतु याच ग्रंथात एक मूक भेद लपलेला आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा प्रसिद्ध उल्लेख ‘मानसोल्लासा’तच आढळतो. सामान्य स्त्रीचे गाणे श्रमाशी जोडलेले, तर राजाचा मासा विनोदाशी. सामान्य माणसाने निव्वळ आनंदासाठी नदीकाठी बसावे, ही गोष्ट राजग्रंथात नोंदवण्याजोगी नव्हती. विरंगुळा हाही हक्क असतो आणि तो फार काळ मोजक्यांच्या हाती राहिला. सार्वजनिक काठाची आजची मागणी समजून घेताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

७/२४
नोंद झाली नाही म्हणून हौस नव्हती, असे मात्र नाही. कोकणात पहिला जोरदार पाऊस पडला की ओढ्यानाल्यांतून मासे प्रवाहाच्या उलट वर चढू लागतात. कोठे याला वलगण म्हणतात, कोठे चढणीचे मासे. कंदील, टोपल्या, फाटकी जाळी घेऊन सारा गाव रात्री शेताच्या बांधावर उतरतो. मालवणी मुलखात गळाला गरी म्हणतात आणि गरीने मासे धरण्याला गरवणे. त्यात थोडी भाजी-आमटीची सोय, पण पुष्कळशी मौज. ही महाराष्ट्राची खरी लोकहौस होय. तिला परवाना लागला नाही, कारण बांध, ओढा आणि पाऊस गावचेच होते.

८/२४
या हौसेच्या शेजारी उपजीविकेची मासेमारी होती. देशावर भोई, विदर्भात ढीवर, किनाऱ्यावर कोळी, सह्याद्रीच्या पायथ्याशी कातकरी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या भागांतले जुने तलाव कोहळी समाजाच्या कौशल्याची साक्ष देतात. जमीनदारी गेल्यावर हे माजी मालगुजारी तलाव सरकारकडे आले; लोक त्यांना थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. पाणी शेतीला, मासा ढीवराला, गाळ शेतकऱ्याला, काठ गुरांना. एका तलावावर अनेकांचे हक्क एकाच वेळी नांदू शकतात, हे या तलावांनी पूर्वीच दाखवून दिले आहे.

९/२४
तिसरी परंपरा संयमाची. महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळण कोंड येथे वरदायिनी देवीच्या सान्निध्यात डोहातले मासे कोणी धरीत नाही. वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसेश्वराच्या डोहात तीच मर्यादा पाळली जाते. हे मासे महसीर जातीचे. भाविक त्यांना चुरमुरे, फुटाणे घालतात आणि हातभर लांबीचे मासे निर्भयपणे वर येतात. गळ नाही, जाळे नाही, तरीही माणसाचे आणि माशाचे नाते आहे. या ठिकाणी पहारेकरी नेमलेला नाही. रोज काठावर येणारे लोक हाच पहारा आहे. धाग्याचा पुढला सारा युक्तिवाद या एका निरीक्षणावर उभा आहे.

१०/२४
इंग्रजी अमदानीत माशाकडे तिसऱ्या नजरेने पाहिले जाऊ लागले : नोंदीच्या. मुंबई सरकारच्या नोकरीतील लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स याने दख्खनची पाहणी करताना येथील मासे तपासले आणि १८३९ मध्ये त्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. दख्खनी महसीराचे ‘टॉर खुद्री’ हे नाव त्याच वर्णनातून आले. नमुना कोठला? पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेचा. आज ज्या पाण्याजवळून जाताना नाक दाबावे लागते, त्या पाण्यातल्या माशावरून एका जातीची शास्त्रीय ओळख ठरली, ही गोष्ट पुण्यातल्या प्रत्येक शाळेत सांगितली गेली पाहिजे.

११/२४
१८७३ मध्ये हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकाऱ्याचे ‘द रॉड इन इंडिया’ प्रसिद्ध झाले. महसीर हा जगातल्या श्रेष्ठ झुंजार माशांपैकी एक, ही कीर्ती साहेबांच्या वर्तुळात दृढ करण्यात या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. पुढे १८९७ चा भारतीय मत्स्य कायदा आला व सुरुंगाची दारू आणि विष यांनी मासे मारणे गुन्हा ठरले. कायद्याची आवश्यकता नि:संशय होती. मात्र सुरुंग उडवून डोह रिकामा करणारा आणि झाडाची साल कुटून ओढ्यातले चार मासे गुंगवणारा आदिवासी, हे दोघे त्यामुळे एकाच पंक्तीत बसले. साहेबाचा गळ तेवढा खेळ ठरला.

१२/२४
त्याच सुमारास काश्मीरमध्ये निराळी व्यवस्था आकार घेत होती. १९०० मध्ये ब्रिटनहून आणलेल्या ट्राउट माशाची अंडी तेथे जगली, उबवणकेंद्रे उभी राहिली. नदीचे ठरावीक टप्पे पाडून प्रत्येकाला ‘बीट’ म्हणण्याची पद्धत रूढ झाली. सरकारी मत्स्यखाते ठरावीक टप्प्यासाठी दिवसाचा परवाना देते. किती मासे धरावेत याची मर्यादा असते. परका मासा स्थानिक प्रवाहांत सोडणे पर्यावरणाच्या दृष्टीने योग्य होते का, हा स्वतंत्र प्रश्न आहे. तरीही एक गोष्ट घेण्याजोगी आहे : सामान्य नागरिकाने कोठे जावे, काय द्यावे आणि काय करू नये, हे तेथे आधी ठाऊक असते.

१३/२४
महाराष्ट्रात मात्र हौशी मासेमारी प्रामुख्याने संघटित क्लबांच्या आधाराने टिकली. मुंबईचा पवई तलाव हे त्याचे ठळक उदाहरण. १८९१ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव पाण्याच्या दर्जामुळे त्या कामी फारसा उपयोगी पडला नाही. पुढे गळकऱ्यांची संघटना तेथे स्थिरावली. आजची महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशन त्याच परंपरेतली. सदस्यांनी तलावावर नजर ठेवली, मासे सोडले, जलपर्णीविरुद्ध आवाज उठवला, हे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. पण क्लबाचे दार म्हणजे सर्वांचे दार नव्हे. सदस्यत्वावाचून काठ नाही, ही व्यवस्था एका शहरी तलावापुरती चालेल. राज्याचे धोरण होऊ शकत नाही.

१४/२४
काठाच्या हक्काचा प्रश्न महाराष्ट्रात सर्वांत तीव्रतेने उमटला तो मुळशीत. मुळा-निळेच्या संगमावर टाटांचे धरण होणार म्हणून सुमारे पन्नास गावे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. धरण अखेर झालेच. तेव्हापासून त्या पाण्याकडे पाहताना दोन सत्ये एकत्र धरावी लागतात : ते मुंबईला वीज देणारे पाणी आहे आणि ते कोणाच्या तरी शेतावरचे पाणी आहे.

१५/२४
म्हणूनच अशा जलाशयाच्या काठाला ‘लेक व्ह्यू’ म्हणून कुंपण पडते, तेव्हा अन्याय दुहेरी होतो. ज्यांची जमीन बुडाली त्यांच्या नातवंडांना पाण्यापर्यंत जायला वाट उरत नाही आणि शहरातून बसने येणाऱ्या साध्या कुटुंबालाही नाही. पाणी सार्वजनिक कामासाठी घेतले गेले. काठ मात्र हळूहळू खासगी उपभोगाचा होत गेला. हौशी मासेमारीसाठी खुल्या काठाची मागणी म्हणजे श्रीमंतांच्या छंदाची तरफदारी, असे म्हणणाऱ्यांनी हा उलटा क्रम पाहावा. श्रीमंताला काठ विकत घेता येतो. खुल्या काठाची गरज असते ती इतरांना.

१६/२४
टाटांच्याच जलाशयांच्या परिसरात एक वेगळा अध्याय घडला. लोणावळ्याजवळ वळवण येथे १९७०च्या दशकात महसीराच्या कृत्रिम प्रजननाचे काम उभे राहिले. मत्स्यतज्ज्ञ चं. वि. कुलकर्णी यांचे नाव या प्रयत्नाशी जोडलेले आहे. पकडलेल्या माद्यांची अंडी काढून, फलित करून, बोटुकली वाढवून ती निरनिराळ्या राज्यांत पाठवण्यात आली. घटत चाललेल्या दख्खनी महसीराला त्यामुळे नवे जीवन मिळाले. पण याच यशातून पुढे एक धडा मिळाला व तो कर्नाटकात, कावेरीवर, मिळाला. महाराष्ट्राने तो नीट वाचणे आवश्यक आहे.

१७/२४
कावेरीचा स्वत:चा महसीर होता : पाठीवर उंचवटा असलेला, अतिशय मोठा होणारा. तिची उपनदी कबिनी हिच्यात १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातील एकाने १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महसीर गळाने धरला. त्या विक्रमाची आठवण आजही सांगितली जाते. पुढे कावेरीत लोणावळ्याच्या प्रजननातली दख्खनी महसीराची बोटुकली सोडण्यात आली. हेतू चांगला होता. परंतु पाहुणा वाढत गेला आणि घरधनी दिसेनासा होत गेला. २०१८ मध्ये या उंचवट्याच्या महसीराची ‘टॉर रेमादेवी’ अशी शास्त्रीय ओळख निश्चित झाली. तोवर त्याच्यावर ‘अतिसंकटग्रस्त’ हा शिक्का बसण्याची वेळ आली होती.

१८/२४
ही घट कळली कशी? येथे हौशी मासेमारीच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा येतो. कावेरीकाठच्या गालिबोरे शिबिरात गळकरी मासा धरीत, वजन नोंदवीत आणि त्याला जिवंत परत सोडीत. १९९८ ते २०१२ या काळातील त्या नोंदवह्या संशोधकांनी तपासल्या, तेव्हा एका जातीची वाढ आणि दुसरीची घसरण स्पष्ट दिसली. त्या नदीवर इतकी सलग नोंद दुसऱ्या कोणी ठेवली नव्हती. छंद म्हणून लिहिलेल्या वह्या शास्त्राचा पुरावा बनल्या. एवढेच नव्हे, तर त्या शिबिरांत पूर्वी मासे चोरून मारणाऱ्यांपैकी काही जण वाटाडे व राखणदार म्हणून पगारावर काम करू लागले होते.

१९/२४
पुढे २०१०च्या सुमारास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चा अन्वयार्थ लावताना अभयारण्यातील गळमासेमारीवर गंडांतर आले आणि ही शिबिरे त्या स्वरूपात बंद पडली. कायद्याचा हेतू रक्षणाचा होता. पण गळकरी गेले तसे वाटाडेही गेले. काठ ओस पडला आणि सुरुंगवाल्यांना मोकळीक मिळाली, असा इशारा अभ्यासकांनी त्यानंतर लेखांतून दिला. प्रत्येक अभयारण्य गळासाठी खुले करावे, असा याचा अर्थ नव्हे. अर्थ एवढाच की माणसांना काठावरून हटवणे आणि नदीचे रक्षण करणे या दोन गोष्टी एक नाहीत. वाळण कोंडाने जे श्रद्धेतून साधले, ते गालिबोऱ्याने छंदातून साधले होते.

२०/२४
आता कायद्याकडे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या निवाड्यात, बियास नदीकाठच्या एका हॉटेलासंबंधी निर्णय देताना, सर्वोच्च न्यायालयाने ‘सार्वजनिक विश्वस्ता’चे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचे सांगितले. नद्या, किनारे, जंगले यांचे सरकार मालक नाही. जनतेच्या वतीने सांभाळ करणारे विश्वस्त आहे. या तत्त्वाची मुळे न्यायालयाने रोमन कायद्यापर्यंत नेली. म्हणजे जस्टिनियनचा विचार भारतात अधिकृतपणे येऊन पोहोचला. जलाशयांचा व्यवहार मात्र अजून अर्थशास्त्राच्या वळणाने चालतो : स्वामी ठेका देतो, ठेकेदार मासा काढतो आणि नागरिक कुंपणाबाहेर उभा राहतो.

२१/२४
येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. खुला काठ म्हणजे काँक्रीटचा काठ नव्हे. पवई तलावाच्या कडेने सायकल व चालण्याची मार्गिका बांधण्याचा महापालिकेचा प्रकल्प मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला आणि तेथील बांधकाम काढून टाकण्यास सांगितले. लोकांना तलावाजवळ न्यायचे म्हणून तलावच बुजवायचा, हा विपर्यास त्यामुळे टळला. गळकऱ्याला लागते तरी काय? पायवाट, सावली, घसरू नये अशा चार पायऱ्या, कचऱ्याचा डबा आणि नियमांची पाटी. नदीकाठ सुशोभीकरणाच्या अवाढव्य आराखड्यांपेक्षा हे कितीतरी स्वस्त आणि पाण्यालाही सुसह्य आहे.

२२/२४
मग करावे काय? इतिहासातूनच पाच सूत्रे निघतात.
एक : मोठ्या जलाशयांवर व नद्यांवर ठरावीक टप्पे हौशी मासेमारीस खुले घोषित करावेत, तेथे जाणारी वाट सार्वजनिक असावी.
दोन : दिवसाचा स्वस्त परवाना स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेनेच द्यावा आणि त्याचे उत्पन्न तिलाच मिळावे, वाटाडेही तिचेच असावेत.
तीन : महसीर धरला तर नोंद करून परत सोडणे बंधनकारक असावे.
चार : समुद्रात १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तशीच शिस्त अंडी घालायला वर चढणाऱ्या नदीतल्या माशांसाठी असावी, वलगणीची मौज राहावी, पण जाळ्याने ओढा अडवू नये.
पाच : देवाचे डोह पूर्णत: वर्ज्य असावेत आणि परका मासा कोणत्याही पाण्यात सोडू नये.

२३/२४
आक्षेप येतील व ते ऐकले पाहिजेत. भोई आणि ढीवर विचारतील, आमच्या ताटातला घास हौशी लोकांना का? म्हणूनच परवान्याची किल्ली त्यांच्याच हाती हवी. त्यांच्या संमतीवाचून एकही टप्पा खुला होऊ नये. प्राणिप्रेमी विचारतील, खेळासाठी माशाला इजा का? आक्षेप खरा आहे; सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही. बिनकाट्याचा गळ, ओले हात, पाण्याबाहेर कमीत कमी वेळ यांनी ती हानी घटते, नाहीशी होत नाही. परंतु नाल्याचे सांडपाणी, वाळूउपसा आणि सुरुंग यांनी होणारी हानी डोहच्या डोह रिकामे करते व ती पाहायला काठावर कोणी नसते. सुरक्षेचा आक्षेप उरतो. त्यासाठी विसर्गाची पूर्वसूचना आणि धोक्याच्या जागी मनाई, हे उपाय पुरेसे स्पष्ट आहेत.

२४/२४
सोमेश्वराने मत्स्यविनोद राजासाठी लिहिला. साहेबाने तो आपल्या क्लबात नेला. स्वातंत्र्यानंतर पाणी लोकांचे झाले, असे म्हटले गेले. पण लोकांना काठावर बसायची जागा द्यायचे राहून गेले. मुळा-मुठेत खुद्री होता हे ज्यांना ठाऊकच नाही, ते तो परत यावा म्हणून भांडणार कसे? नदीशी ओळख व्हायला तिच्याजवळ तासन्‌तास शांत बसावे लागते आणि गळाइतके शांत बसवणारे साधन दुसरे क्वचितच असेल. आपापल्या गावातल्या थोरांना विचारून पाहावे : कोणत्या डोहात कोणता मासा मिळे, त्याला काय म्हणत, तो दिसेनासा कधी झाला आणि त्या डोहाकडे जाणारी वाट आज कोणाच्या कुंपणात आहे. ही चार उत्तरे लिहून ठेवली, तर सार्वजनिक काठाच्या मागणीचा पहिला कागद तयार होईल.